तुटतो कसा ते बघा! वाचकांचे दगडी प्रश्न

दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की माझ्याकडे पत्रं कमी आणि दगड जास्त येतात. यंदा तर एकांनी नमकीन सेवेच्या रिकाम्या डब्यातच नमुने पाठवले, डबा नीट पुसलेला नव्हता, त्यामुळे दगडाच्या फटीत लौंग सेव अडकलेली, ती आधी काडीने काढली आणि मगच भिंग लावलं. असो. या वेळचे बहुतेक प्रश्न चुन्याच्या जुन्या खदानींचेच आहेत म्हणून सगळी उत्तरं एकत्रच देऊन टाकतो. आणि हो, जवळजवळ प्रत्येक पत्राच्या शेवटी "याचे किती येतील" हे विचारलेलंच आहे, त्याचं उत्तर पुढे एकदाच देईन, शोधत बसा.

प्रश्न (सुदामा नगर, इंदूर): नमस्कार सर, भाऊबीज झाल्यावर आम्ही बाघची लेणी बघायला गेलो होतो. येताना मनावर गावाच्या बाजूला मिस्टरांच्या मित्राच्या शेतावर थांबलो, शेताला लागूनच त्यांची चुन्याच्या दगडाची खदान आहे, कित्येक वर्षं बंद पडलेली. तिथे माझ्या मुलाला (आठवीत आहे) दगडाच्या फटीत काचेसारखे तुकडे मिळाले, काही आरपार दिसणारे, काहींना अणकुचीदार टोकं. एक तुकडा घरी फरशीवर पडून फुटला तर त्याचे छोटे तुकडेसुद्धा सगळे एकाच तिरप्या आकाराचे निघाले! शेजारचे काका म्हणतात स्फटिक आहे, सराफ्यात दाखवा. मुलगा म्हणतो हिरा आहे. रोज विचारून राहिलाय, काय सांगू?

उत्तर: ताई, तुम्ही "फरशीवर पडून फुटला" हे लिहिलंत ना, तिथेच निम्मं उत्तर मिळालं मला. लोक दगड पाठवताना तो किती चमकतो ते दोन पानं लिहितात आणि तुटतो कसा ते कोणी लिहीत नाही. चमकायला काय, बाटलीची काचही चमकते.

हा कॅल्साइट आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ज्या चुनखडकाच्या फटीत तो सापडला त्या खडकाचाच माल, फक्त स्वच्छ आणि सावकाश जमलेला. कॅल्साइट तीन ठरलेल्या दिशांनीच फाटतो आणि त्या दिशा एकमेकींना काटकोनात नसतात, पैलू साधारण ७५ आणि १०५ अंशांत भेटतात, म्हणून तुकडा कसाही आपटा, तिरपी डबीच निघते. काजू कतली चांगली इंचभर जाड केली तर कशी दिसेल, तशी. त्या डबीला पुन्हा फोडा, पुन्हा छोटी काजू कतलीच. गारगोटी अशी कधीच फुटत नाही, ती काचेसारखी फुटते, शिंपल्यासारखे वाकडे खोलगट टवके उडतात. माळेतला स्फटिक म्हणजे गारगोटीच, नुसती स्वच्छ. (हा शब्दाचाही घोळ आहे, शाळेच्या पुस्तकात मिठाच्या खड्यालाही स्फटिक म्हणतात आणि पूजेच्या दुकानात फक्त गारगोटीच्या मण्याला, शेजारच्या काकांचा दोष नाही.)

आता मुलाला घरच्या घरी खात्री करू द्या, तुम्ही मधे पडू नका. पहिलं, त्या तुकड्याने खिडकीच्या काचेच्या एखाद्या फेकायच्या तुकड्यावर ओरखडा काढून बघायचा. हिरा काढेल, गारगोटी काढेल, हा काढणार नाही. कडकपणाची जी १ ते १० ची पट्टी असते त्यात कॅल्साइट ३ वर, काच साडेपाचच्या आसपास, गारगोटी ७ आणि हिरा १०. नखाने मात्र याच्यावर ओरखडा उठत नाही कारण नख अडीच. पुस्तकात लिहिलेलं असतं की तांब्याच्या नाण्याने घासून बघा, पण आपली हल्लीची नाणी तांब्याची नसतात, तेव्हा आजीच्या डब्यातला जुना तांब्याचा पैसा शोधा नाहीतर वायरमनकडून वीतभर जाड तांब्याची तार मागून घ्या.

दुसरं, लिंबू. एक थेंब पिळायचा आणि भिंगातून बघायचं, बारीक बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. यात एक गंमत अशी की खदानीतून आणलेल्या कुठल्याही दगडावर चुन्याची धूळ बसलेली असते, त्यामुळे न धुता लिंबू टाकलं तर गारगोटीसुद्धा फसफसते आणि माणूस फसतो, मी स्वतः कॉलेजात असताना फसलोय, सगळ्या वर्गासमोर. म्हणून आधी ब्रशने धुवा आणि ताज्या फुटलेल्या बाजूवरच थेंब टाका. बुडबुडे फारच कमी आले तर दगडाची पूड करून पुन्हा टाका, पूड केल्यावरच फसफसत असेल तर तो डोलोमाइट, त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असतं. बाथरूमचं ॲसिड वगैरे मुलाच्या हातात देऊ नका, लिंबू पुरे आहे.

तिसरं, जे मला या वयातही बघायला आवडतं. सगळ्यात स्वच्छ तुकडा घ्या आणि पेपरातल्या एका ओळीवर ठेवा. अक्षरं दोन-दोन दिसतील. तुकडा सावकाश गोल फिरवा, एक अक्षर जागच्या जागी राहतं आणि दुसरं त्याच्याभोवती फिरतं, जसं खांबाला बांधलेलं वासरू. १ सेंटीमीटर जाडीचा तुकडा असेल तर दोन अक्षरांत साधारण १ मिलीमीटरचं अंतर पडतं, म्हणजे छोटा टाइप असेल तर चांगलंच कळतं. आत शिरलेल्या प्रकाशाचे दोन किरण होतात आणि दोघं वेगवेगळ्या वेगाने जातात म्हणून हे होतं. १६६९ मधे डेन्मार्कच्या बार्थोलिन नावाच्या प्रोफेसरांनी आइसलँडहून आलेल्या अशाच तुकड्यातून हे बघून लिहून ठेवलं आणि पुढे १८२८ मधे स्कॉटलंडच्या विल्यम निकोल यांनी याच कॅल्साइटचे दोन तुकडे चिकटवून प्रिझम बनवला, त्यानंतर कितीतरी वर्षं खडक तपासायच्या मायक्रोस्कोपमधे तोच वापरायचे. हिऱ्यातून अशी दोन अक्षरं दिसत नाहीत, मुलाला सांगा, हे तर हिऱ्याला जमत नाही.

तो फटीत आला कसा? तुमच्याकडे बोरिंगचं पाणी असेल तर गीझरची कॉइल काढून बघा. तो पांढरा कडक थर असतो ना, तोही बहुतेक कॅल्शियम कार्बोनेटच. पावसाचं पाणी हवेतून आणि मातीतून कार्बन डायऑक्साइड घेतं, थोडं आंबट होतं, चुनखडकात मुरताना तो थोडाथोडा विरघळवत जातं, आणि पुढे कुठे मोकळी फट मिळाली, तिथे गॅस उडून गेला की विरघळलेला माल तिथेच बसतो. गीझरमधे घाईघाईत बसतो म्हणून पापुद्रा होतो, फटीत सावकाश आणि मोकळ्या जागेत बसतो म्हणून त्याला टोकं येतात. तुमच्या मुलाचे टोकवाले तुकडे कुत्र्याच्या सुळ्यांसारखे दिसत असतील बघा. तोही कॅल्साइटच, वाढताना त्याचा आकार वेगळा, फुटताना मात्र तीच काजू कतली.

आणि मूळ चुनखडक आला कुठून हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. साधारण ९ ते १० कोटी वर्षांपूर्वी पश्चिमेकडून समुद्र नर्मदेच्या खोऱ्यातून आत शिरला होता, थेट धार जिल्ह्यापर्यंत. हो, आपला धार! आधी वाळू साठली, तिचा निमाड वालुकाश्म झाला, बाघची लेणी याच दगडात कोरलेली आहेत. त्याच्यावर शंख-शिंपले आणि बारीक जीवांच्या कवचांचा गाळ साठून चुनखडक झाला, त्यात अमोनाइट (गुंडाळीच्या शंखासारखे दिसणारे जुने समुद्री जीव) सापडतात, समुद्री साळिंदरांची कवचं सापडतात. या सगळ्यावर नंतर, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास, लाव्हाचे थर येऊन बसले, तोच आपला काळा दगड, इंदूर सगळं त्याच्यावर वसलंय. म्हणजे इंदूरहून बाघला जाताना तुम्ही घाट उतरता तेव्हा पोहे पचायच्या आत दोन-तीन कोटी वर्षं मागे जाता.

एक मात्र सांभाळा. बाघजवळच डायनोसॉर जीवाश्मांचं राष्ट्रीय उद्यान आहे, त्याच्या हद्दीतून खडासुद्धा उचलायचा नाही, तो गुन्हा आहे. मित्राच्या खदानीत त्यांच्या परवानगीने फिरलात ते ठीक. पण बंद खदानीत मुलाला एकट्याला कधीच सोडू नका, उभ्या कड्याखाली बसून फोडाफोड तर नाहीच, पावसाळ्यानंतर वरचे दगड सुटलेले असतात आणि तळाशी साठलेलं हिरवं पाणी काठापासूनच खोल असतं, पायरी-बियरी काही नसते. खाली पडलेल्या ढिगाऱ्यातच चांगले नमुने मिळतात, कडा खणायची गरजच नाही.

प्रश्न (स्नेहलता गंज, इंदूर): माझी सासुरवाडी नीमचची. तिथल्या एका जुन्या चुनखडी खदानीतून साळ्याने सोनेरी दाणे असलेला दगड आणलाय, काही दाणे तर एकदम चौकोनी आहेत, कापल्यासारखे. त्याच दगडात तपकिरी चौकोनी दाणेही आहेत. सोनं असू शकतं का? असेल तर किती येतील?

उत्तर: साळ्याचं मन मोडू नका पण हे पायराइट आहे, लोखंड आणि गंधक. "कापल्यासारखे" हेच त्याचं लक्षण, कोणी कापलेले नाहीत, तो वाढतोच घनाच्या आकारात. चहाचा चिनीमातीचा कप उलटा करा, बुडाला जी खरखरीत, चकाकी नसलेली कड असते तिच्यावर हा दाणा घासा. काळी-हिरवट रेघ आली तर पायराइट. सोन्याची रेघ सोन्याचीच येते, पिवळी. आणि सोनं हातोडीखाली चपटं होतं, हा भुगा होतो, थोडा गंधकाचा वासही येईल.

तपकिरी चौकोन म्हणजे तोच पायराइट, पण पाण्याने आणि हवेने गंजलेला, आकार जुना आणि माल नवा. माझ्या मते तुमच्या दगडात तेच खरं बघण्यासारखं आहे. पिवळे दाणे कपाटात दमट जागी ठेवलेत तर काही वर्षांत तेही बिघडतील, पांढरट भुकटी येईल आणि खालचा कागद जळाल्यासारखा होईल, कारण त्यातून गंधकाचं आम्ल सुटतं. कोरड्या डबीत ठेवा, औषधाच्या बाटलीत येते ती सिलिका जेलची पुडी टाका सोबत.

आता पैशाचं. सगळ्यांसाठीच लिहितोय. चुन्याच्या खदानीतून खिशात घालून आणलेल्या दगडाचे बाजारात काहीही येत नाहीत. शून्य. खदान चालू असताना हाच कॅल्साइट बाकीच्या दगडाबरोबर भट्टीत गेलाय, १०० किलो शुद्ध चुनखडक ९०० अंशांच्या आसपास भाजला की ४४ किलो गॅस होऊन उडतो आणि ५६ किलो कळीचा चुना उरतो, तेवढीच त्याची कमाई. बाजारातली पांढरी रांगोळीही बरेचदा याच कुळातल्या दगडांची पूड असते. पण त्याच दगडाला एक चिठ्ठी चिकटवलीत, कुठून, कुठल्या थरातून, कोणत्या तारखेला, तर कुठल्याही कॉलेजचा जिऑलॉजीचा माणूस तो हातात घेईल. चिठ्ठी नसेल तर तो मीसुद्धा कुंडीत टाकतो, खोटं कशाला बोलू.

प्रश्न (लष्कर, ग्वाल्हेर): आमच्या अंगणात जुना कोटा स्टोन आहे. एक लादी तडकली तर आत फर्नच्या पानासारखी काळी नक्षी निघाली, अगदी बारीक. नातू म्हणतो जीवाश्म. कोणाला कळवावं का?

उत्तर: आजोबा, कळवू नका, पण लादी फेकूही नका. कोटा स्टोन म्हणजे चुनखडकच, ती लादीही कधीकाळी खदानीतूनच आलेली. नक्षी मात्र झाडाची नाही, मँगनीजची. दगडाच्या थरांमधे केसाएवढी चीर असते, तिच्यातून मँगनीज विरघळलेलं पाणी पसरतं, आणि काळं ऑक्साइड फाटे फुटत फुटत जमा होतं. पाण्याच्या पेल्यात शाईचा थेंब सोडल्यावर जसे धागे फुटतात, साधारण तसं.

ओळखायचं कसं? भिंग घेऊन बघा, खऱ्या पानाला मधली शीर असते, पानाला कड असते, देठ असतो. यात फांदीला फांदी, तिला आणखी बारीक फांदी, आणि पान कुठेच नाही! शिवाय सगळी झुडपं चिरेच्या एकाच कडेवरून आत वाढलेली दिसतील, रांगेत उभी. याला डेंड्राइट म्हणतात. भले भले फसतात. आणि हो, कोटा स्टोन ॲसिडने धुवायला सांगणारे सफाईवाले भेटतात, त्यांना नको म्हणा, वर लिंबाचं सांगितलंच आहे, तेच तुमच्या अंगणाचं होईल.

प्रश्न (राजेंद्र नगर, इंदूर): बाघच्या बाजूला "कोरलाइन" चुनखडक आहे असं वाचलं. कोरल म्हणजे पोवळं ना? मला मंगळासाठी पोवळं सांगितलंय, तिथे मिळेल का?

उत्तर: मनापासून हसलो, रागावू नका. तो खडक कोरलाइन म्हणून ओळखला जातो पण नावच चुकलेलं आहे, त्यात प्रवाळ नाहीच जवळपास, ब्रायोझोआ नावाच्या जाळीदार वसाहती करून राहणाऱ्या इवल्याशा समुद्री जीवांचे तुकडे आहेत, दिसतात प्रवाळाच्या काड्यांसारखे म्हणून जुन्या लोकांनी तसं नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मंगळाचं तुम्ही आणि गुरुजी बघून घ्या. पण विकत घ्याल ते लाल पोवळंसुद्धा शेवटी कॅल्साइटच असतं, तेव्हा अंगठी घालून लिंबाचं लोणचं कालवू नका.

प्रश्न (मांजलपूर, वडोदरा): छोटा उदेपूरच्या बाजूला आंबाडुंगरहून कोणीतरी जांभळे काचेसारखे खडे आणून दिले. चुनखडीतलेच आहेत म्हणाले. कोपरे तुटलेत, त्रिकोणी झालेत. हा ॲमेथिस्ट का?

उत्तर: पुन्हा तेच, तुटतो कसा! ॲमेथिस्ट म्हणजे जांभळी गारगोटी, ती त्रिकोणी तुटत नाही. हा फ्लोराइट, कडकपणा ४, चाकूने ओरखडा उठेल. घनाचे कोपरे सपाट तुटून त्रिकोण दिसणं ही त्याची सहीच समजा. आंबाडुंगर फ्लोराइटसाठी प्रसिद्धच आहे. आणि तिथला "चुनखडक" बाघसारखा समुद्रात साठलेला नाही बरं का, तो कार्बोनेटाइट, म्हणजे जमिनीखालून तप्त रस होऊन वर आलेला कार्बोनेट खडक. लिंबू टाकलं तर हाही फसफसेल, म्हणून लोक चुनखडीच म्हणतात.

किचनमधला डिजिटल काटा असेल तर एक करून बघा. खडा कोरडा तोला, समजा १५९ ग्रॅम आला. आता काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि खडा दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला टेकवायचा नाही, हातात लोंबकळत ठेवायचा. काटा जो आकडा दाखवेल, समजा ५०, त्याने १५९ ला भागा. ३.१८ च्या आसपास आलं तर फ्लोराइट, गारगोटी असेल तर २.६५ येईल. दोरा जाड घेऊ नका आणि खड्याला चिकटलेले बुडबुडे बोटाने झटका, नाहीतर आकडा चुकतो. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा, बरेच फ्लोराइट निळसर उजळतात, सगळे नाही. अशा उजळण्याला फ्लुरोसन्स हे नाव १८५२ मधे स्टोक्स नावाच्या शास्त्रज्ञांनी याच खनिजावरून दिलं.

प्रश्न (राऊ, इंदूर): विहीर खोल करताना काळ्या दगडातल्या पोकळीत पांढऱ्या सुयांचे गोळे निघाले. हाही चुना का? आणि घरीच ग्राइंडर लावून पॉलिश करता येईल का?

उत्तर: चुना नाही. काळ्या दगडातल्या पांढऱ्या सुया म्हणजे बहुतेक झिओलाइट नावाच्या कुळातली खनिजं, स्कोलेसाइट वगैरे, लाव्हातल्या गॅसच्या पोकळ्यांत नंतर जमलेले. लिंबाने फसफसणार नाहीत. याच प्रकारचे नमुने पुणे, नाशिक, जळगावकडून जगभर जातात. हात लावू नका, सुया मोडतात, नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने धुवा.

ग्राइंडर मात्र अजिबात नाही. झिओलाइटला पॉलिशची गरज नसते, आणि त्याच पोकळीत गारगोटीही असते, तिची सुकी धूळ छातीत गेली की बाहेर येत नाही. आपल्या अलिराजपूर-झाबुआ-धारचे कितीतरी मजूर गुजरातेत गारगोटी दळायच्या कारखान्यांत कामाला गेले आणि सिलिकोसिस घेऊन घरी आले, बरेच जण तरुण वयातच गेले, प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. रुमाल बांधून भागत नाही. दगड आहे तसाच ठेवा शोकेसमधे.

सेवेच्या डब्यातले नमुने तपासून झालेत, सगळा कॅल्साइटच आहे. ज्यांचा डबा आहे त्यांनी पत्रावर पत्ताच लिहिलेला नाही, तेव्हा कळवा, परत पाठवतो.